भिंतीवरची रिकामी फ्रेम

बाई जिममध्ये शिरल्या तेव्हा पैलवान स्टुलावर चढून त्यांचाच फोटो भिंतीवरून उतरवत होता.

जिमच्या मालकाला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता, पण छाती अशी पुढे काढून चालायचा की विचारायची कुणाची हिंमत होत नसे. ही भिंत म्हणजे त्याच्या जिमची शान. तिच्यावर जोडीजोडीनं फोटो लावलेले. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडे सुटलेली पोटं आणि पडलेले चेहरे, उजवीकडे तीच माणसं पोट आत ओढून, श्वास रोखून उभी. बाईंचा ‘आधी’ त्या आल्या त्याच दिवशी लागला होता. शेजारची फ्रेम मात्र अजून रिकामीच होती.

“आज लवकर आलात,” पैलवान म्हणाला. चोरी पकडली गेली की माणूस असंच काहीतरी बोलतो.

“फोटो का उतरवताय?”

तो खाली उतरला. फोटो कुठे ठेवावा ते न सुचून त्यानं तो पाठीमागे धरला.

“राग मानू नका बाई. तुमच्या मेहनतीत खोट काढायला जागा नाही. पण वर्ष झालं, वजनाचा काटा जागचा हलायला तयार नाही. नवीन माणूस येतो, भिंत बघतो आणि विचारतो, या बाईंचं पुढे काय झालं? मी काय सांगायचं?”

बाईंना राग आला. रागापेक्षा जास्त लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. घरी नवराही हेच म्हणायचा, फक्त गोड आवाजात: झेपत नसेल तर राहू दे ना. स्टाफरूममधल्या बायका जेवताना आधी बाईंचा डबा बघत, मग स्वतःचा उघडत. आत्ता तशाच मागे वळून त्या घरी गेल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. उलट सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. आणि आज आपण वळलो तर उद्या पाय इकडे येणार नाहीत, हे बाईंना स्वतःच्या पायांबद्दल पक्कं ठाऊक होतं.

“येतात म्हणून सांगायचं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“पुढे काय झालं असं विचारलं ना कुणी, तर सांगायचं, रोज येतात.” त्यांनी दारासमोरच्या फोटोंच्या जोडीकडे बोट दाखवलं. “हे अकाउंटंट शेवटचे कधी आले होते?”

‘नंतर’चा फोटो लागला त्या दिवसापासून अकाउंटंट इकडे फिरकले नव्हते. परवा बाजारात दिसले तेव्हा ते त्या फोटोतल्या माणसाचे थोरले भाऊ वाटले होते.

“त्यांचं सोडा हो,” तो म्हणाला. “तुमच्यात काय फरक पडला ते सांगा. डोळ्यांना दिसेल असा काहीतरी.”

बाई बाकावर बसल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या.

“शाळेत माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी थांबायची. दम लागलाय हे पोरांना कळू नये म्हणून तिथल्या फलकावरच्या सूचना वाचत उभी राहायची. रोज त्याच सूचना. पोरांना वाटायचं, बाईंना नियमांची फार हौस.”

“मग?”

“मग काय, परवा मुख्याध्यापिकेनं मला बोलावून झापलं. म्हणाली, फलकावर आठवडाभर सूचना लागलीय, सगळ्या शाळेनं वाचली, एकट्या तुम्हीच कशा बैठकीला आला नाहीत?”

पैलवानाला हसू फुटलं. त्यानं ते घाईघाईनं आवरलं.

“पण हे फोटोत कसं दाखवू, बाई?”

“दाखवू नका. नुसता फोटो काढा.”

त्या पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पैलवानाचा हात सवयीनं वर गेला, पोट आत घ्या अशी खूण करायला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की हात निम्म्यातच थांबला. पाढे न आलेल्या पोरांकडे त्या तसं बघत. त्यांनी पोट आत ओढलं नाही. श्वास नेहमीसारखा चालू ठेवला.

सभासदांची कार्डं छापायच्या यंत्रातून फोटो बाहेर आला. पैलवानानं तो जुन्या फोटोशेजारी धरला. एकदा हा बघितला, एकदा तो. खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितले. तेवढंच पोट, तेवढीच हनुवटी. दंडसुद्धा जागच्या जागी. बाईंनाही ते दिसत होतं. क्षणभर वाईट वाटलंच, कारण वर्षभर त्यांनीही आरशात काहीतरी शोधलं होतं.

“सारखेच आहेत हो दोन्ही,” तो हळूच म्हणाला. “लोक हसतील. तुम्हालाही आणि मलाही.”

बाईंनी त्याच्या हातातून दोन्ही फोटो घेतले. स्टूल भिंतीशी सरकवलं आणि त्या स्वतःच चढल्या. जुना फोटो त्याच्या खिळ्यावर गेला. नवा रिकाम्या फ्रेममध्ये बसवून त्यांनी ती नीट सरळ केली.

“हसू देत,” त्या वरूनच म्हणाल्या. “जो हसेल त्याला माझ्या शाळेत पाठवा. तळमजल्यावरून आम्ही बरोबरच निघू. तिसऱ्या मजल्यावर पोचूनही त्याला हसता आलं, तर मी येऊन दोन्ही फोटो उतरवते.”