बिनतिखट

"आज मला ओळखायचं न्हाय," नानांनी रविंद्रला स्वयंपाकघराच्या दारातच बजावलं.

"बरं," रविंद्र म्हणाला. जर्मनीत बरीच वर्षं फिटर म्हणून काढून आलेला माणूस. दिलेला शब्द तो बोल्टासारखा आवळून ठेवत असे.

नाना टेबलाशी येऊन बसले. उठले. खुर्ची बदलली. बारामतीबाहेर इंदापूर रस्त्यावरचं रविंद्रचं हे 'हॉटेल बव्हेरिया' त्यांच्या फार आवडीचं होतं, पण ही आवड त्यांच्या गावात, अंथुर्ण्यात, कुणाला ठाऊक नव्हती. लाकडाच्या भिंती, चौकड्यांची टेबलक्लॉथं, बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि उकडून कुस्करलेले बटाटे. अस्सल जर्मन घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच शिजतं, असं रविंद्र सांगे. मिरचीला आत मज्जाव होता, तशी पाटीच होती. जर्मनीची ओढ असलेले लोक बारामतीत फारसे नव्हते. अल्सर असलेले पुष्कळ होते. हॉटेल बरं चाललं होतं.

नानांना अल्सर होता, आणि मुलगी पायल लग्नाची होती. काटेवाडीच्या दादासाहेबांच्या मल्हारशी तिचं जमतच आलं होतं. आता फक्त दोन्ही बापांनी एका पंगतीला बसून रस्सा प्यायचा राहिला होता. ही त्यांच्यातली रीत. रस्सा असा, की पहिल्या घोटाला कान वाजावेत. जो बाप वाटी खाली ठेवून पाण्याकडे हात नेतो, त्याच्या घरात दुखणं आहे असं समजतात. आणि ठरलेलं मोडतं. म्हणून नानांनी फोनवर सुचवलं होतं, "मटण काय, रोजचंच हाय. ह्या खेपंला जरा फॉरेनचं खाऊ." पलीकडून दादासाहेबांनी हॉटेलचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "चालंल."

दादासाहेब आले. मिशा पिळदार, नजर मात्र इकडंतिकडं. आधी स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले, मग घाईनं उठून पाठ करून बसले.

"लई मिळमिळीत असतंय म्हनं हितलं?"

"असंल. मला काय म्हाईत? मी पयल्यांदाच येतोय."

"मीबी."

दोघांनी थोडा वेळ बर्फाच्या डोंगराकडे पाहिलं.

मग दादासाहेबांनी बंडीच्या खिशातून दोन हिरव्या मिरच्या काढल्या. एक स्वतःपुढे ठेवली, एक नानांच्या हातात दिली. "आमी संगंच ठिवतो. ह्याच्याबिगर घास उतरत न्हाय. रस्सा न्हाय तर हे तरी. रीत मोडाय नगं, पाव्हणं."

"तुमी आदी. तुमी मोठं."

"छ्या! मान पोरीच्या बापाचा."

मिरची नानांच्या मुठीत ओली व्हायला लागली. तेवढ्यात रविंद्र आला. एका हातात मेनूकार्ड, दुसऱ्या हातात भरलेली प्लेट. कार्ड त्यानं नानांपुढे ठेवलं.

"साहेब नवीन दिसता. बघून सांगा." मग प्लेट दादासाहेबांपुढे ठेवली. "दादासाहेब, तुमचं नेहमीचं. मिरपूडसुद्धा नाही. जेवणाआधीची गोळी घेतलीत ना?" आणि टेबलावरची मिरची दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तशी उचलून तो आत गेला.

दादासाहेबांच्या मिशा होत्या तिथंच होत्या, पण आता त्यांत काही राम राहिला नव्हता.

"पोराला ह्यातलं काय बी न्हाय, नाना," ते हळूच म्हणाले. "पोरगं दगड पचवतंय. माझं घरी सुदीक म्हाईत न्हाय. एवढ्यावरनं सोयरीक..."

आता नानांनी 'मलाबी हाय' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. नानांच्या ते ओठावर आलंही. पण कितीतरी दिवसांनी ते कुणापेक्षा तरी धडधाकट ठरले होते. ते सुख सोडवेना.

"चालायचंच," ते म्हणाले. "एकेकाची परकृती." आणि त्यांनी मिरची कचकन चावली.

कान वाजले. नाना हसत राहिले. कपाळावर घाम आला, एका डोळ्यातून पाणी आलं, तरी ते हसत राहिले. दादासाहेब कौतुकानं बघत होते.

दारातून रविंद्रही बघत होता. त्यानं शब्द दिला होता, तो पाळला. नानांकडे ढुंकूनही न पाहता, डोंगराच्या चित्राकडे बघत तो आला, थंड दुधाचा ग्लास नानांपुढे ठेवला आणि तसाच परत गेला. ग्लास स्टीलचा होता. नानांनी घरून हळूच आणून इथं ठेवलेला. नानांनी तो एका दमात घशाखाली रिकामा केला.

ग्लासावर नानांच्या घरच्या मालकिणीचं नाव कोरलेलं होतं. दादासाहेबांनी ते सावकाश वाचलं.

"सौ. रंगुबाई. अंथुर्णे."

नाना डोंगराकडे बघायला लागले.

दादासाहेबांनी खिशातून गोळी काढली, प्लेटच्या कडेला ठेवून सुरीनं मधोमध कापली, आणि अर्धी नानांपुढे सरकवली.

"लग्नानंतर जागरणाला मटण आमच्याकडं," मग ते म्हणाले. "रस्सा निस्ता जाळ करायला सांगतो. समदी भावकी बघनार."

"आनि आपून?"

"आपून वाढायला हुबं ऱ्हायचं."