टर्बोची काळजी

डिंभ्यात टर्बो इंजिनाची छोटी पेट्रोल गाडी माझ्या एकट्याकडे होती. घाट चढून आल्यावर इंजिन दोन मिनिटं चालूच ठेवायचं, मग बंद करायचं, असं मेकॅनिकने बजावलं होतं. गाडी मागून नेणारे गावकरी ते पाळत नसत. एकदा टर्बो जळाला, तेव्हापासून मी गाडी कुणालाच दिली नाही.

त्या दुपारी नात अक्षदाला साप चावला. सुट्टीवर आलेल्या माझ्या मुलाने, आदेशने, धावत जाऊन गाडी काढली. तिला मांडीवर घेऊन मी मागे बसलो. घोडेगावचा दवाखाना अजून सहा किलोमीटर होता, तोच गाडी गचके खात थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आण्णा, लेकरावानी जपलं ना इंजिन तुमी? मंग आत्ताच कसं गेलं?" आदेश रडायला लागला. अक्षदाचे डोळे मिटत होते.

इंजिन ठणठणीत होतं.


जन्मभर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं. गाडी मागायला आलेल्याला "पेट्रोल नाही" म्हणताना खोटं बोलावं लागू नये, म्हणून टाकी मीच रिकामी ठेवत होतो.