मिनिटभर दम

लेक आपल्या मेकॅनिक बाबांना रोज गॅरेजवरून घरी आणायची. दारात गाडी थांबली की बाबा म्हणायचे, “लगेच बंद करू नकोस. टर्बो तापलाय, मिनिटभर दम खाऊ दे बिचाऱ्याला.” लेक कारखान्यात हीच टर्बो इंजिनं तपासायची. इंजिन बंद केल्यावरही विजेवरचा पंप पाणी फिरवून टर्बो थंड करतो, हे तिला ठाऊक होतं. पण घरात ती लॅपटॉपशी, बाबा टीव्हीशी. गप्पा काय त्या ह्याच मिनिटात. म्हणून तिनं पंपाचं कधी सांगितलं नव्हतं. आज परदेशात मिळालेल्या नोकरीचं सांगायचं होतं, जीभ रेटेना. तंद्रीत तिनं इंजिन लगेच बंद केलं. बॉनेटखाली पंप गुणगुणत राहिला. ती ओशाळली. “पहिल्या दिवसापासून ऐकतोय गं त्या पंपाला,” बाबा हसले. “बोल, काय अडलंय?” “कसं ओळखलंत?” “बिघाड आवाजावरून कळतो. तू तर वाटभर आवाजच केला नाहीस.” तिनं इंजिन पुन्हा चालू केलं.