पुलाच्या मधोमध

लेकीला सासरी सोडायला निघालेल्या वडिलांची मोटरसायकल पुलाच्या ऐन मधोमध आचके देत बंद पडली. एका बाजूला कठडा, मागून ट्रकचे हॉर्न, आणि बाजूला व्हायला वीतभर जागा नाही. किक मारून मारून वडील घामाघूम झाले. लेक बॅग छातीशी धरून कठड्याला चिकटून उभी होती. सकाळपासून ती एकदाच बोलली होती, "बाबा, मला तिकडे नका नेऊ." त्यावर "संसारात होतं असं, मी समजावतो त्यांना," म्हणून त्यांनी हेल्मेट चढवलं होतं.

खिशातला फोन वाजला. जावई होता.

"कुठे अडकलात? की परत तिची नाटकं सुरू झाली? येऊ दे घरी, बघतोच तिच्याकडे."

फोन कानाला तसाच धरून वडील प्लग बघायला वाकले. पेट्रोलचा कॉक बंद होता. चालत्या प्रवासात तो त्यांनी कधीच बंद केला नव्हता. मघाशी ते पाण्याची बाटली घ्यायला उतरले, तेव्हा गाडीपाशी लेक एकटीच होती.

त्यांनी मान वर केली. ती त्यांच्याकडेच बघत होती, आता मार बसणार अशा नजरेनं.

कॉककडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"ऐकताय ना?" जावई ओरडला. "झालंय काय?"

"इंजिन जाम झालंय, जावईबापू," ते म्हणाले. "ती आता तिकडे यायची नाही."