झालं का गं?

यंदा वर्गाच्या ब्लॉगवर निबंध लिहून टाकायचा नाही, घरी वाचून रेकॉर्डिंग टाकायचं, असं मीच मुलांना सांगितलं. निदान एकमेकांची नक्कल तरी थांबेल!

पहिल्या मुलीच्या वाचनामागे स्वयंपाकघरातून यावा तसा बाईचा आवाज होता, "झालं का गं?" असेल आई. पुढच्या मुलाच्या मागे तोच आवाज, "झालं का रे?" मग सगळ्यांच्याच मागे.

वर्गात मी कावले. "कोणाची ही थट्टा?"

"मॅडम, मी तर खोलीवर एकटाच राहतो," मागच्या बाकावरचा उंच मुलगा म्हणाला.

वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी मात्र आली नव्हती. फक्त तिच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या आवाजाला उत्तर होतं, "हो, आले." मग खुर्ची सरकली, आणि पुढे नुसती शांतता. फोन केला, तर तिची आई मलाच विचारू लागली, "कॉलेजातच आहे ना हो ती?"

रिकाम्या घरी येऊन मी ब्लॉगसाठी सूचना रेकॉर्ड केली, की यापुढे लिहूनच टाका. मग ऐकून पाहिली.

माझ्यामागे बाई म्हणाली, "झालं का गं?"

"हो, आले," माझाच आवाज म्हणाला. खुर्ची सरकली.

मी अजून उठलेले नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले आहे.