तिलोचा काढा

आमच्या पोन्से शहरात बाईच्या छातीत दुखू लागलं, की घरचेच काय, डॉक्टरही 'नेर्विओस' म्हणतात, म्हणजे जिवाला लागलेला घोर. आणि मन शांत करणाऱ्या तिलोच्या फुलांचा काढा घ्यायला सांगून तिला घरी धाडतात. अशा बायकांचे नजरेतून सुटलेले हृदयविकार शोधण्यात तातडीच्या उपचारांचे प्राध्यापक डॉ. एवारिस्तो किन्योनेस यांनी हयात घालवली. त्या संशोधनाला पुरस्कार मिळाला, तेव्हा सभागृह त्यांच्या विद्यार्थ्यांनी भरून गेलं होतं.

भाषण रंगात आलं असताना पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नीने, दोन्या म्हणजे बाईसाहेब मिग्दालियाने, छाती दाबून धरली. "एवारिस्तो, मला श्वास पुरत नाहीये रे."

"बघा! बोलायचं मला आणि घाम फुटतो हिला," डॉक्टर माइकवरूनच हसले. "लग्नापासून हेच चाललंय. अगं, जरा तिलो घे, बरं वाटेल."

हशा पिकला. यामिल नावाच्या विद्यार्थ्याने चहाच्या टेबलावरून लगबगीने काढ्याचा कप आणून दिला. भाषण पुढे सुरू झालं.

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा यामिल मंचाशी येऊन हसत म्हणाला,



"सर, गुण आला हं. दोन्या अगदी शांत झाल्या."