वॉटरफॉलची शिफारस

नवरा आणि लेक दुसऱ्या शहरात राहायला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा राजीनामा मात्र साहेबांच्या ड्रॉवरमध्येच पडून होता. "या क्लायंटचं सॉफ्टवेअर पूर्ण झालं की तुम्ही मोकळ्या," साहेब दर वेळी म्हणायचे.

काम कोणत्या पद्धतीनं करायचं, याची तुलना करणारा अहवाल तिलाच लिहायचा होता. स्पायरल पद्धतीत त्याच कामाच्या फेऱ्यांवर फेऱ्या, प्रोटोटाइपमध्ये कच्चा नमुना पाहून क्लायंट रोज नवं काहीतरी सुचवणार. वॉटरफॉलमध्ये मात्र एक पायरी संपली की पुढची, मागे फिरणं नाही. तिनं जीव ओतून वॉटरफॉलची बाजू मांडली. क्लायंटला ती पटली आणि सहा महिन्यांची मुदत ठरली.

"तुझी नवी इयत्ता सुरू व्हायच्या आत येते गं," तिनं फोनवर लेकीला सांगितलं.

संध्याकाळी साहेब हसतच तिच्या टेबलापाशी आले. "अभिनंदन! क्लायंट भलताच खूश आहे तुमच्यावर. शेवटची पायरी तुम्हीच सांभाळायची, अशी अटच घातलीय करारात. मी सहीसुद्धा करून टाकली."

"शेवटची म्हणजे टेस्टिंगच ना?" तिनं विचारलं.



"छे हो, देखभाल. दहा वर्षं."